एकच थेंब

मालिशवाल्या यमुनाबाईंनी बाळाला गॅलरीतल्या कोवळ्या उन्हात ठेवलं आणि ते किंचाळलंच. मृण्मयीने धावत येऊन उचललं. आठवडाभर उजळत गेलेलं तिचं सावळं बाळ आज कागदासारखं पांढरं होतं, आणि ऊन लागलं तिथे भाजल्यासारखं लाल.

बाळ गोरं व्हावं म्हणून आणलेले, पेशींमधला रंग बनवायचा निरोपच दाबून टाकणारे ते आरएनएचे थेंब! बाटलीवर बजावलं होतं : आयुष्यात एकच.

"आई, मी तेलात एकच टाकला हो!"

सासूबाईंनी बाटली उचलून पाहिली. "अगं, एक मीपण टाकला."

यमुनाबाई तेलकट हातांकडे बघत राहिल्या. "ताई, मला वाटलं, तुम्ही विसरलात..."

मृण्मयीने बाळाला आत नेऊन पडदा ओढला. बाहेर इवलीशी झबली उन्हात वाळत होती.