पाण्यावर उघडलेला पेला

मेफ्लाय या ओढ्याकाठच्या माशीची एक दुर्मिळ जात नामशेष झाली, असं सगळे धरून चालले होते. निवृत्त प्राध्यापकांना मात्र ती ओढ्याकाठी गाडीच्या काचेवर सापडली. त्यांनी अलगद तिच्यावर पेला पालथा घालून खाली कागद सरकवला. “अहो, आधी स्पिरिटच्या बाटलीत टाका हिला!” बायको कुजबुजली. “इतकी वर्षं लोक तुम्हाला वेड्यात काढतायत. पुरावा नको?” भिंगातून प्राध्यापकांना माशीच्या पोटाशी पिवळी अंडी दिसली. “ही कशी अंडी घालते ते कुणीच पाहिलेलं नाही गं,” म्हणत त्यांनी पेला पाण्यावर उघडला. माशी पाण्याला टेकली, उडाली, पुन्हा टेकली. दर खेपेला पिवळा ठिपका तळाशी उतरला. तेवढ्यात पाण्यातून उसळून एका माशानं तिला गट्टम केलं. बायकोनं कपाळावर हात मारला. मग चपला काढून तीच पाण्यात शिरली, वाकली. “अहो, इकडे या! अंडी दगडाला चिकटलीत बघा. यांतून पिल्लं कधी निघतात हो?”