पहिल्या मंगळवारचं कुलूप

"इथे सही करा, फॉसेटबाई," कौन्सिलच्या मिस डॉड म्हणाल्या आणि त्यांनी कागद हेस्टरपुढे सरकवला.

हेस्टरने पेन उचललं. सत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले, आणि सकाळपासूनचा तिसरा चहाही बोलण्यात निवून गेलेला. एकदाची सही करावी, या बाईला वाटेला लावावं आणि जरा पडावं, एवढंच तिच्या मनात होतं. समोर तिचा मुलगा कॉलिन बोटं मोडत बसला होता.

भानगड सगळी त्या पायवाटेची. बसथांब्यापासून निघायची, त्यांच्या ओढ्याकाठच्या शेतातून जायची आणि वर डोंगराला लागायची. दर मंगळवारी शहरातून दीड तास खडखडत बस यायची. तिच्यातून पाठीला पिशव्या लावलेली दहा-बारा म्हातारी मंडळी उतरायची, दिवसभर चालायची आणि पावणेचारच्या बसने परत जायची. त्यांच्याकडे गाड्या नव्हत्या, आणि थांब्यापासून डोंगरावर जायला दुसरी वाट नव्हती. आता त्यांनी कौन्सिलकडे अर्ज केला होता. मालकाने न अडवता लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने चालले, तर ती वाट कायद्याने लोकांची होते. कॉलिनला मात्र ते शेत विकायचं होतं. घेणारा तिथे पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या बांधणार होता आणि त्याला मधून कुणाची येजा नको होती. वाट लोकांची झाली की सौदा मोडला.

हेस्टरचा नवरा राल्फ गेल्या ऑक्टोबरात वारला. त्याला हा कायदा पाठ होता. पबमध्ये चारचौघांत तो टेबलावर मूठ आपटून सांगायचा, माझ्या शेतातून फुकटची वाट मी कुणाच्या बापाला देणार नाही. वर्षातून एक दिवस जरी वाटेवरचं फाटक बंद ठेवलं, तरी वाट मालकाचीच राहते. म्हणून दर फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी तो हेस्टरच्या हातात एक पितळी कुलूप ठेवायचा. उघडंच असायचं ते, दाबलं की बसणारं. संध्याकाळी विचारायचा, लावलंस? ती म्हणायची, लावलं. मग तो डायरीत 'फाटक बंद' असं लिहायचा आणि उठून तिच्यासाठी चहा करायचा. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस या माणसाने कधी किटलीला हात लावला नाही.

आणि खरं सांगायचं तर हेस्टरने ते कुलूप एकदाही लावलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी ती फाटकाशी पोचली तेव्हा बस येऊन उभी राहिली होती. थंडीने नाक लाल झालेली एक बाई उतरली, तिने हेस्टरला पाहिलं आणि विचारलं, तुम्ही पण येताय ना आमच्याबरोबर? लग्न होऊन या घरात आल्यापासून हेस्टरला असं कुणी चल म्हटलं नव्हतं. ती गेली नाही, घरी गुरं होती. पण दीड तास बसमध्ये हाडं मोडून आलेल्या माणसांच्या तोंडावर फाटक लावायचं तिच्या जिवावर आलं. कुलूप कोटाच्या खिशातच राहिलं. पुढच्या वर्षीही राहिलं. वीस वर्षं ती नवऱ्याशी खोटं बोलली, आणि दर वेळी तो चहा अपराध्यासारखी प्यायली. आता मेलेल्या माणसाला खोटं पाडायचं, पोराचा सौदा मोडायचा, एवढं बळ कुठून आणायचं? फाटक दर वर्षी एक दिवस बंद असायचं, या जबाबाखाली द्यावी सही ठोकून.

मिस डॉडनी वीसच्या वीस डायऱ्या चाळून बाजूला ठेवल्या होत्या. त्याही आज बसनेच आल्या होत्या, त्याच वाटेने चालत. बुटांना चिखल होता. त्या म्हणाल्या, सगळं जुळतंय, फक्त कुलूपकिल्लीचा फोटो तेवढा हवा. हेस्टरने जुन्या कोटाच्या खिशातून कुलूप काढून टेबलावर ठेवलं.

किल्ली कुठे आहे, ते तिला सांगता येईना. ती कधी पाहिलेलीही तिला आठवेना.

बाबांच्या डब्यात असेल, म्हणत कॉलिन उठला. राल्फचा तंबाखूचा पत्र्याचा डबा त्याने टेबलावर उपडा केला. दोन काड्यापेट्या पडल्या, एक मोडका चष्मा पडला, आणि कुलपाच्या किल्ल्यांचं एक छोटं पाकीट पडलं. दुकानातून आलं तसंच, सील न फोडलेलं.

"ही घ्या," कॉलिन म्हणाला. "दोन्ही आहेत."

मिस डॉडनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "दोन्ही इथे आहेत, तर दुसऱ्या दिवशी फाटक उघडायचात कशाने?"

कॉलिनने पाकीट घेऊन सील चाचपून पाहिलं. हेस्टर त्या पाकिटाकडे बघत राहिली. किटलीशी पाठमोरा उभा राहिलेला राल्फ तिला दिसला, आणि तिचे डोळे भरून आले. तिने पेन खाली ठेवलं आणि मिस डॉडना सांगितलं, फाटक कधीच बंद नव्हतं, तसं लिहून घ्या.

कॉलिनचा चेहरा उतरला. "म्हणजे वीस वर्षं तू बाबांना फसवलंस, आई?"

"मलाही आत्तापर्यंत तसंच वाटत होतं," हेस्टर म्हणाली. "किल्ल्या त्याच्या डब्यात होत्या, कॉलिन. मी त्या एकदाही मागितल्या नाहीत, आणि तो दर वर्षी उठून चहा करत राहिला."