उघडी मोरकी

ब्राग घोड्याने तोंड फिरवलं आणि सिग्नी दचकून मागे सरली.

आता घोड्याला मार बसणार, यात तिला शंका नव्हती. तोरुन त्याच्यासमोर तोंडावर चढवायची दोरीची मोरकी उघडी धरून उभी होती. तबेला तोरुनचाच. घोड्यांच्या सोबतीने माणसांची दुखणी बरी करणं हा तिचा धंदा. बाई धिप्पाड, गवताचा भारा एका हाताने उचलायची. त्या हाताची एकच थप्पड पुरे होती. सिग्नी भिंतीला चिकटली.

"त्याला काही करू नकोस," ती पुटपुटली. "माझंच चुकलं. माझ्या हाताला कसला तरी वास येत असेल."

तोरुनने तिच्याकडे नवलाने पाहिलं आणि मोरकी खुंटीला अडकवून टाकली.

"कुणाचं काही चुकलं नाही गं. आज नको म्हणतोय तो. संपलं."

"मग आता?"

"आता काय? तो गवत खाईल, आपण कॉफी पिऊ."

हे खूळ मागच्या वर्षीचं. विद्यापीठातली माणसं तबेल्यात कॅमेरे लावून बसली होती. घोड्याचे कान कधी मागे जातात, डोळ्यावर सुरकुती कधी पडते, हेच बघत. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, तो घोडा शांत दिसतो पण आतून घाबरलेला असतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. तोरुनने ते मनावर घेतलं. तेव्हापासून मोरकी नुसती उघडी धरायची. घोड्याने आपणहून नाक घातलं तर काम, नाहीतर त्याला सुट्टी. दरीतली सगळी गावं हसली होती. सर्वांत जास्त हसवलं होतं सिग्नीच्या नवऱ्याने, ओड्डवारने. "घोड्याची परवानगी? उद्या बटाट्याला विचारून साल काढा!" लोकांना हसवण्यात ओड्डवारचा हात धरणारा कुणी नव्हता. एवढा गोड माणूस पंचक्रोशीत सापडला नसता.

सिग्नीला इथे डॉक्टरने धाडलं होतं. झोप नाही, जरा भांडं पडलं की दचकते, म्हणून. हाताला प्लास्टर होतं. जिन्यावरून पडले, असं तिने सांगितलं होतं. त्याच्या आधी ती बर्फावर घसरली होती. ओड्डवार दर बुधवारी तिला सोडायला यायचा, न्यायलाही यायचा. नशीबवान आहेस, बायका म्हणायच्या.

कॉफीचा कप तिने न पिताच धरून ठेवला होता. तिची नजर ब्रागवर होती. तो शांतपणे गवत चघळत होता. कुणी त्याच्यावर ओरडलं नाही. कुणी त्याच्या पुढ्यातलं गवत काढून घेतलं नाही. पण सिग्नीचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

"आणि नंतर?" तिने विचारलं.

"नंतर म्हणजे?"

"सगळे गेल्यावर."

तोरुनने कप खाली ठेवला. तिची नजर प्लास्टरवर गेली आणि तिथेच थांबली.

"सगळे गेल्यावरही काही नाही," ती हळूच म्हणाली. "वर माझी एक खोली रिकामी आहे, सिग्नी. दाराला आतून कडी आहे."

सिग्नीने प्लास्टरवर बाही ओढली. असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. बाहेर हॉर्न वाजला आणि तिचे पाय आपोआप उठले.

अंगणात बर्फ वितळून चिखल झाला होता, दुसऱ्या गाड्यांपाशी दोन-चार जण उभे होते. ओड्डवार गाडीतून उतरून तिच्या बाजूचं दार उघडं धरून उभा होता. हसत होता.

"चल राणी. मटण-कोबी शिजत ठेवलाय. करपायचा."

त्याचा हा मऊ आवाज सिग्नीच्या ओळखीचा होता. हा आवाज घराचं दार लागेपर्यंतच टिकायचा. तरी ती चालत राहिली. गाडीशी आली, वाकली. आत हीटरची ऊब होती, सीटवर तिची शाल घडी करून ठेवलेली होती.

आणि तिने तोंड फिरवलं.

आपण हे काय केलं, या विचारानेच तिला घाम फुटला. ती नुसती तबेल्याकडे तोंड करून उभी राहिली.

"काय झालं?" ओड्डवार अजून हसत होता, पण दारावरची त्याची बोटं पांढरी पडली होती. "बस ना. लोक बघतायत."

तोरुन येऊन तिच्या शेजारी उभी राहिली होती. "आज नको म्हणतेय ती, ओड्डवार."

"का? तिला काय जीभ नाही?"

सिग्नीने त्याच्याकडे पाहिलं. भीती कुठेही गेली नव्हती. त्या भीतीतूनच ती बोलली.

"आज नाही. आणि सगळे गेल्यावरही नाही."