कानामागचा उंचवटा

कुडाळच्या बालगृहात अधीक्षिका सामंतबाईंनी पाच वर्षांच्या जाईच्या डोक्यावर मोजणीची टोपी बसवली. कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव कळतो, ही जुनी समजूत यंत्रांनी खरी ठरवली होती. तेव्हापासून या तपासणीशिवाय एकही मूल दत्तक जात नसे.

टोपीवरचा दिवा लाल झाला.

"कानामागे चोरीचा उंचवटा आहे," बाई हळूच म्हणाल्या. "अशा मुलांना आम्ही सुधारगृहात पाठवतो. तुम्ही दुसरं मूल बघा."

जाईला न्यायला आलेल्या रेवतीनं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे, श्रीधरकडे पाहिलं.

"बाई, यांनाही रागाचा उंचवटा आहे," ती म्हणाली. "लग्न ठरलं तेव्हा सगळे माझ्या वडिलांना सांगत होते, हा माणूस तुमच्या मुलीला मारील."

"मग?"

"राग येतो की यांना! पण आला की परसात जाऊन लाकडं फोडतात. आमच्याकडे सरपण कधी कमी पडलं नाही."

सामंतबाईंनी हसू कसंबसं आवरलं. "आणि हिनं खरंच चोरी केली तर?"

आता श्रीधर बोलला. "घरातल्या माणसानं घरातलं काही घेतलं, तर त्याला चोरी म्हणत नाहीत, बाई."

बाईंनी टोपी काढली आणि जाईचे विसकटलेले केस हातानं सारखे करत त्या म्हणाल्या, "जा बाळ, तुझे कपडे घेऊन ये."