परतीची फेरी

आईचे एकटीने राहणे आता पुरे, असे परस्पर ठरवून थोरला मुलगा मला कायमची त्याच्या घरी घेऊन निघाला. गाडी फेरीबोटीवर चढताच त्याने आपल्या बोटीला नावे ठेवायला सुरुवात केली. थंड देशांतल्या बोटींवर म्हणे उपाहारगृहे असतात, आणि कित्येक ठिकाणी प्रवाशांना गाडीत बसूच देत नाहीत.

"योग्य शिस्त आहे," म्हणत मी उतरून कठड्याशी उभी राहिले.

पैलतीर आला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा धोशा लावला, तेव्हा त्याला गाडी उतरवावीच लागली. मी जागची हलले नाही.

"आई, उतर ना. लोक बघताहेत," तो धक्क्यावरून ओरडला.

"बघू देत. माझी पेटी तुझ्या गाडीत राहिली आहे. पुढच्या फेरीने घरी आणून दे."