फक्त ओळखीचे नंबर

“बाहेरचा फोन आत येणार नाही, हे कळलं. पण आतून बाहेर?” मुलीने विचारलं.

दुकानदाराने टॅबलेट काउंटरवर आडवा ठेवला. “ताई, तुमच्या वडिलांना कोणाला करायचाय फोन? या वयात माणसं फोनची वाट बघतात, करत नाहीत.”

“तरी दाखवा.”

तो दाखवू लागला. माणूस धंद्यात मुरलेला. आधी महागातली वस्तू काढायची, गिऱ्हाइकाचा चेहरा पडला की मधली पुढे करायची, आणि ती खास तुमच्यासाठीच मागे ठेवली होती म्हणून सांगायचं, ही त्याची पद्धत. पण या गिऱ्हाइकाचा चेहरा पडेना. तो आधीच पडलेला होता.

“नंबर फिरवायची सोयच नाही यात. पडद्यावर फक्त माणसांचे फोटो. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागतो. कोणाकोणाचे फोटो, ते तुम्ही तुमच्या मोबाईलवरून ठरवायचं. पैसे पाठवायची सगळी अ‍ॅप काढून टाकतो.”

“ती परत टाकता येतील?”

“तुमच्या पासवर्डशिवाय नाही. फक्त पासवर्ड म्हणून कोणाची जन्मतारीख ठेवू नका. म्हातारी माणसं चष्मा विसरतात, जन्मतारखा नाही.”

“आमचे काहीच विसरत नाहीत,” ती म्हणाली.

दुकानदाराने आवाज खाली आणला. “फसवणुकीचं प्रकरण झालंय ना घरी?”

तिने मान हलवली. “पोलीस येऊन गेले.”

“मला वाटलंच. आमच्या सासूबाईंचंही हेच झालं. असाच एक गोडबोल्या भेटला फोनवर. पैसे गेले ते गेले, पण बाई बोलायच्याच बंद झाल्या. अजून फोन वाजला की दचकतात. असल्या लोकांना घरदार नसतं का हो, ताई?”

मुलीने पर्स उघडून आत बघितलं. “कार्ड चालेल ना?”

दुकानदाराने न मागता सूट दिली. असं त्याच्या हातून सहसा होत नसे.

बसमध्ये तिच्या भावाचा फोन आला.

“घेतलंस?”

“घेतलं, दादा.”

“म्हणजे माझं ऐकायचं नाही असंच ठरवलंयस. मग नीट लक्षात ठेव. वृद्धाश्रमातली ती खोली मी सोडलेली नाही. आता एक जरी भानगड झाली, तरी त्याच दिवशी त्यांना नेऊन ठेवणार.”

“वडील आहेत ते आपले.”

“म्हणून तर आश्रम म्हणतोय.”

“डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? बोलायला कोणी नसेल तर खचतील. दिवसचे दिवस तोंड उघडत नाहीत रे ते.”

“बोलण्यापायीच हे सगळं झालं,” दादा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बाबा खिडकीपाशी बसले होते. पडदा ओढलेला. समोरच्या बाई पूर्वी गॅलरीतून हाक मारून तब्येत विचारायच्या. आता बाबा दिसले की आत जाऊन दार लावतात. दाढीचे खुंट वाढले होते. आयुष्यभर विमा विकलेला हा माणूस. नको म्हणायला दारात आलेल्यालाही चहा टाकायला लावणारा. आता त्यांचाच चहा पुढ्यात साय धरून गार पडला होता.

मुलीने टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला. स्वतःचा फोटो घातला, दादाचा, दूर शिकायला गेलेल्या नातीचा आणि डॉक्टरांचा.

“एवढीच माणसं?”

“एवढीच.”

“तुरुंगात याहून जास्त भेटायला येतात.”

बाबांनी नातीच्या फोटोवर बोट ठेवलं, लगेच उचललं. “पोरीचा अभ्यास असेल. आत्याला तरी घाल यात. एकटीच असते बिचारी. पाठची बहीण आहे माझी, कोणी परकी नाही.”

बाबांनी आपणहून काही मागितलं, त्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. तिने स्वयंपाकघरात जाऊन दादाला फोन लावला.

“आत्याला चालेल,” दादा म्हणाला. “दोघं मिळून गुडघे कुरकुरतात म्हणून रडतील. दुसरं काय करणार आहेत?”

तिने आत्याचा फोटो घातला.

“बाबा, आत्याचा फोन साधा आहे. तिला तुमचा चेहरा दिसणार नाही आणि नंबरही नवा आहे. आधी आपलं नाव सांगा, नाहीतर घाबरायची ती.”

“आता तू मला बोलायला शिकवणार?” बाबा म्हणाले आणि चक्क हसले.

ती आत गेली आणि तिने नवा चहा टाकला. दूध ओतताना बाहेरून बाबांचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण आवाज मोकळा, भरलेला, एखाद्या तरण्या माणसाचा वाटावा असा. घरातला हा आवाज ती विसरूनच गेली होती. तिचे डोळे भरून आले. दादाला आजच सांगायचं, तिने ठरवलं, ती खोली सोडून दे म्हणून. कप घेऊन ती दारापर्यंत आली.

“घाबरू नका, मावशी. मी तुमच्या बँकेतूनच बोलतोय,” बाबा आत्याला सांगत होते. “कार्ड हातात घ्या, आणि मागचे शेवटचे तीन आकडे तेवढे सावकाश वाचून दाखवा.”