हाकलेप

जोडवी घालायचा मान आत्याचा, म्हणून निर्मलाने नवऱ्या मुलीचा, ऋजुताचा, पाय मांडीवर घेतला आणि जोडवी तिच्या हातातच राहिली. पायाचं दुसरं बोट काळंनिळं पडून लिबलिबीत झालं होतं. मोगऱ्याच्या गजऱ्यांतूनही सडक्या मांसाचा वास नाकात घुसला.

"अगं, हे काय?"

"काच लागली होती. पण सूज नाही, पू नाही. दुखतसुद्धा नाही."

"दुखेल कसं? गालांवरचा तुझा तो हाकलेप रसायनं सोडून अंगातल्या झाडून साऱ्या पांढऱ्या पेशी वर बोलावतोय. जखमेची हाक ऐकायला खाली उरलंय कोण? वहिनी, लेप पुसा आणि आधी या बोटाला लावा!"

"भलतंच काय, वन्सं!" ऋजुताची आई पायावर अत्तर शिंपडत म्हणाली. "पेशी खाली उतरल्या की गालांवर पुन्हा पुटकुळ्या उठतील. फोटो तरी होऊ द्या. साडीखाली पाय दिसतोय कुणाला?"

निर्मलाने भाचीच्या नितळ, चकचकीत चेहऱ्याकडे पाहिलं. निदान हिला तरी कळेल.

ऋजुताने नाकाला रुमाल लावला आणि पाय पुढे सरकवला.

"आत्या, शेजारच्या बोटात घाल ना."